सबनेटिंगचं गणित वेळेत कसं सोडवायचं?

प्रश्न : मी सौसरला राहून सीसीएनएची तयारी करतोय. सबनेटिंग समजतं, पण बायनरी मांडण्यातच वेळ जातो. काय करू? – एक वाचक, सौसर

उत्तर : परीक्षेत १२० मिनिटं मिळतात, कॅल्क्युलेटर मिळत नाही आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. बायनरी समजण्यापुरतीच ठेवा. सोडवताना २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा. /२६ म्हणजे २५५.२५५.२५५.१९२, म्हणून गट ६४ चा.

तुमच्याच भागातलं उदाहरण घेऊ. समजा एका पतसंस्थेच्या पांढुर्णा कार्यालयात ५० संगणक आहेत, सौसर शाखेत २०. हाती १९२.१६८.१०.०/२४ आहे. मोठी गरज आधी भागवा, हा नियम मोडला की पत्ते एकमेकांवर चढू शकतात. पांढुर्ण्याला /२६ द्या : ० ते ६३. पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले ६२. सौसरला /२७ : ६४ ते ९५, वापरायला ३०. दोन्ही गावांतल्या राउटरांना जोडायला /३० : ९६ ते ९९, त्यातले ९७ आणि ९८ राउटरांचे. शंभरपासून पुढचे सगळे पत्ते शिल्लक!

आता तुम्ही सोडवा : १७२.१६.५.७७/२७ कुठल्या गटात? /२७ चा गट ३२ चा, म्हणून ३२ चा पाढा म्हणा. ६४ आणि ९६ च्या मध्ये ७७ येतो. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५. असे प्रश्न रोज कागदावर सोडवा, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर नको. /२४ ते /३० पक्कं झाल्याशिवाय /२० कडे वळू नका. तिथे हेच गणित तिसऱ्या आकड्यात होतं.