दांडीची बैठक

कोल्हापुरांत वाढलेल्या मुलास बैठक म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. ज्या नगरींत राजर्षि शाहू महाराजांनीं मल्लविद्येस राजाश्रय दिला व जेथें 1912 सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान पुरें झालें, तेथें पेठोपेठीं तालमी असाव्या यांत नवल तें काय? परंतु तालमींतील बैठक आणि लोखंडी दांडी खांद्यांवर घेऊन काढावयाची बैठक, या दोन बहिणी असल्या तरी त्यांचे स्वभाव निराळे आहेत. हा भेद न जाणणाऱ्या विद्यार्थ्याच्या गुडघ्यांस व पाठीस इजा होण्याचें भय असतें. म्हणून हा लेखप्रपंच.

तालमींत बैठका जलद व शेंकड्यांनीं काढतात. खालीं बसतांना टांचा उचलतात, गुडघे पुढें येतात, हात झोक्यानें हलतात. भार स्वतःच्याच शरीराचा व हेतु दम वाढविण्याचा असल्यामुळें तेथें तें शोभतें. दांडी घेतल्यावर मात्र टांच उचलली कीं भार चवड्यांवर जातो, पाठ वांकते आणि दांडी पुढें ओढते. प्रस्तुत लेखकानेंहि हीच चूक केली. शंभर बैठकांच्या गर्वानें त्यानें पहिल्याच दिवशीं दांडीस जड चकत्या चढविल्या, आणि पुढें आठ दिवस तो कंबर धरून बसला.

आतां दांडी पुढें घेऊन काढावयाच्या बैठकीची कृति पाहूं. दांडी चौकटीवर छातीइतक्या उंचीवर ठेवावी. ती गळ्यालगत, खांद्यांच्या पुढील मांसल भागावर टेकवावी. बोटांनीं केवळ आधार द्यावा, भार मनगटांवर घेऊं नये. कोपरें पुढें व वर ठेवावीं. दोन पावलें मागें सरून पाय खांद्यांइतके रुंद ठेवावे व चवडे किंचित् बाहेर वळवावे. खोल श्वास घेऊन पोट घट्ट करावें व सरळ खालीं बसावें. गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनेंच जावे, आंत वळूं नयेत. टांचा जमिनीस खिळलेल्या असाव्या. मांडी जमिनीस समांतर, व साधल्यास त्याहून खालीं, जावी. उठतांना कोपरें वरच राखावीं; तीं पडलीं कीं छाती पडते, व पाठोपाठ दांडीहि. उठवत नसल्यास दांडी पुढें सोडून मागें सरावें. तिच्याशीं झुंजूं नये. यासाठींच समोरची जागा मोकळी व शिक्षक जवळ असावे.

या बैठकीचें फळ वजन उचलण्याच्या स्पर्धेंत दिसतें. शेजारच्या सांगलीचे संकेत सरगर यांनीं 2022 सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत 55 किलो गटांत रौप्यपदक मिळविलें. तेथें त्यांनीं 135 किलोची दांडी प्रथम खांद्यांवर झेलून मग मस्तकावर नेली.

नवशिक्यानें आरंभ काठीनें करावा. स्पर्धेची रिकामी दांडीच पुरुषांसाठीं 20 व स्त्रियांसाठीं 15 किलोची असते. पांच निर्दोष बैठका तीन वेळां साधल्यावांचून वजन वाढवूं नये. जड दांडी पाहून मित्र टाळ्या पिटतील. परंतु विद्यार्थिमित्रांनो, टाळ्या क्षणाच्या, गुडघे जन्माचे!