घरातल्या जुन्या नाण्यांचे छायाचित्र



काळी नदीवर धरण झाले आणि सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले, अनेक कुटुंबे रामनगरात वसली. घराच्या भिंती आणि तुळशीवृंदावन सोबत नेता आले नाही, पण देव्हाऱ्याखालचा नाण्यांचा डबा बऱ्याच घरांनी आणला. आज त्या डब्याविषयी लिहायचे आहे.

आपल्या भागातल्या डब्यात काय सापडेल हे थोडे इतिहासावरून सांगता येते. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ ते १९५६ मुंबई इलाख्यात होता, म्हणून राणीछाप रुपया, पावली, चवली असणारच. कॅसलरॉक हे पोर्तुगीज गोव्याच्या सीमेवरचे रेल्वे स्थानक आपल्याच तालुक्यात, त्यामुळे 'इंडिया पोर्तुगेझा' असे लिहिलेला गोव्याचा रुपयाही निघू शकतो. १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा तर मुलांचा आवडता. आणि भाग्य असेल तर तांब्याची शिवराई.

शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. छाप मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून सगळी अक्षरे क्वचितच उमटतात. शिवाय शिवाजी महाराजांनंतरही ही नाणी दीर्घकाळ पाडली गेली. कोणती केव्हाची, हे अक्षरांच्या वळणावरूनच जाणकार ठरवतात. अक्षर गेले की ओळख गेली.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. लहानपणी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजीने तांब्याची भांडी घासायला दिली, त्यांच्याबरोबर मी एक शिवराईही चिंच व राखेने घासून काढली. नाणे लखलखीत झाले. 'शिव' मात्र बोटाला लागेनासे झाले. आजी रागावली नाही, पण दुसऱ्या वर्षी डबा माझ्या हाती आला नाही. तेव्हा काळपट थर राहू द्या. पूजेला तसेच ठेवले तरी देवीला चालते! माती फार असेल तर मऊ कोरड्या ब्रशाने हलकेच झटका, अधिक काही नको.

आता छायाचित्र. महागडा कॅमेरा लागत नाही, मोबाईल पुरतो. खिडकीजवळ टेबल घ्या. ऊन थेट पडत नसेल अशी वेळ निवडा. पावसाळ्यातला आपला ढगाळ उजेड यासाठी उत्तम, वीज गेली तरी अडत नाही. राखाडी किंवा काळ्या, चमक नसलेल्या कागदावर नाणे ठेवा. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे पुस्तकांचे ढीग रचून त्यांवर मोबाईल आडवा टेकवा, म्हणजे तो नाण्याला समांतर राहतो आणि हात हलत नाही. फार जवळ जाऊ नका, मोबाईलची सावली पडते. थोडे दूर राहून झूम करा. बटण दाबताना हलते, म्हणून टायमर लावा.

फ्लॅश मात्र बंद. समोरून पडलेल्या उजेडात उठाव सपाट दिसतो. उजेड एका बाजूने, तिरपा आला की प्रत्येक अक्षराची बारीक सावली पडते आणि बोटाला न कळणारे अक्षरही डोळ्याला दिसते. झिजलेल्या शिवराईसाठी खोली अंधारी करून टॉर्च टेबलाच्या पातळीवर धरा व नाण्याभोवती हळूहळू फिरवा. एखाद्या कोनात 'छ' अचानक वर येतो. तेव्हाच फोटो घ्या. चांदीचा रुपया उलट फार चकाकतो, त्याला पडद्याआडचा उजेड द्या आणि मोबाईलवर उजळपणा कमी करा.

दोन्ही बाजू, शिवाय कडेचा एक फोटो घ्या. एका फोटोत शेजारी पट्टी ठेवा. सोनाराकडे वजन करून मिळाले तर लिहा: राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि १८८१ चा गोव्याचा रुपयाही तेवढाच. राणीच्या नाण्यावर 'क्वीन' आहे की १८७७ पासूनचे 'एम्प्रेस', हेही पाहा. घरातल्या मोठ्यांना विचारून ते नाणे कोणाकडून, कुठल्या घरातून आले हे वहीत त्याच क्रमांकाखाली नोंदवा. ही नोंद दुकानात मिळत नाही.

पालकांना विनंती, मुलांजवळ मूळ नाणी देऊ नयेत. शाळेत फोटो व वहीचे पान पाठवावे.