व्हायोलिनचा रियाज : थोडा, रोजचा आणि आनंदाचा

वाद्य विकत घेणे सोपे. त्याच्याशी मैत्री जडणे अवघड. नोकरीची घडी बसल्यावर, मुले मोठी झाल्यावर किंवा निवृत्तीनंतर अनेकांच्या मनात व्हायोलिनची जुनी ओढ पुन्हा जागी होते. वाद्य उत्साहाने घरी येते, शिकवणीही लागते. परंतु तीन-चार महिन्यांत ते पेटीसह कपाटावर जाऊन बसते. दोष बहुधा वयाला वा बोटांना दिला जातो. वस्तुतः उणीव असते ती रियाजाच्या पद्धतीत.

पडदे नसलेले वाद्य

हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर आपोआप उमटतो. सतारीला पडद्यांचा आधार असतो. व्हायोलिनला यांपैकी काहीच नाही. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर तारेची नादणारी लांबी सुमारे ३२.५ सेंटिमीटर असते. मोकळ्या तारेचा सूर षड्ज मानला, तर कोमल ऋषभ खुंट्यांकडील टोकापासून सुमारे २ सेंटिमीटरवर मिळतो आणि तार षड्ज तारेच्या बरोबर मध्यावर. त्यापुढील कोमल ऋषभासाठी बोट केवळ १ सेंटिमीटर सरकवावे लागते. अशा ठिकाणी दोन मिलिमीटरची चूकही कानाला खटकते. डोळ्यांनी मोजून ही जागा सापडत नाही; ती कानच दाखवतो. म्हणून व्हायोलिनचे पहिले शिक्षण हे कानाचे शिक्षण होय.

जी गोष्ट नवशिक्याला अडचण वाटते, तीच या वाद्याची श्रीमंती आहे. पडदे नसल्यामुळे मींड आणि गमक त्यावर गळ्यासारखे सहज निघतात. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी हे युरोपीय वाद्य आत्मसात केले आणि कर्नाटक संगीतात ते कायमचे रुजले. दक्षिणेत त्याला ‘फिडल’ असेही म्हणतात. हिंदुस्थानी संगीतात गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मान्यता पावले. एन. राजम (जन्म १९३८) यांनी पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली गायकी अंगाचे वादन घडवले. यातून शिकणाऱ्याने एक साधा धडा घ्यावा : जे वाजवायचे ते आधी गुणगुणावे. गळ्यात न बसलेला सूर बोटांत बसत नाही.

गजाचे गणित

नवशिक्याचे व्हायोलिन करकरते, त्यामागे बहुधा गजाचा दोष असतो. राळ लावलेले गजाचे केस तारेला क्षणभर चिकटतात आणि सोडतात. ही क्रिया एका सेकंदात शेकडो वेळा घडून नाद निर्माण होतो. गजाचा वेग, त्याचा दाब आणि घोडीपासूनचे अंतर या तिन्हींचा मेळ जमला की सूर भरदार येतो. दाब अधिक झाला तर तार करकरते, फारच कमी झाला तर सूर पोकळ होतो. यास्तव डाव्या हाताची घाई न करता प्रथम मोकळ्या तारांवर लांब, संथ गज ओढावेत. आरशासमोर उभे राहून गज घोडीला समांतर जातो की नाही, हे पाहणे हितकारक ठरते.

अर्ध्या तासाची आखणी

रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फलदायी असतो. दोन बैठकांमधील विश्रांतीत व झोपेत शिकलेले मनात मुरते. आवर्ती ठेवीची रक्कम लहान असली तरी हप्ता चुकत नाही, म्हणूनच ती वाढते. रियाजाचेही तसेच आहे.

पहिली ५ मिनिटे तानपुऱ्यासोबत तारा मिळवण्यात आणि षड्ज ऐकण्यात जावीत. पुढची ८ मिनिटे लांब गजासाठी आणि ७ मिनिटे एखाद्या अलंकारासाठी ठेवावीत. उरलेली १० मिनिटे रचनेची असावीत. आरंभी भूप राग सोयीचा. सा, रे, ग, प, ध या पाचच शुद्ध स्वरांत तो उभा राहतो.

एखादी जागा अडली, तर संपूर्ण रचना पुन्हा पुन्हा वाजवू नये. तसे केल्याने येणारा भाग अधिक घोटला जातो आणि चूकही सवयीची होते. अडलेले तीन-चार स्वर वेगळे काढावेत, निम्म्या लयीत वाजवावेत आणि सलग काही वेळा निर्दोष आले की मागच्या-पुढच्या स्वरांशी जोडावेत. खांदा, मान किंवा अंगठा आवळला गेल्यास तत्काळ थांबावे. वेदना सोसून रियाज सुधारत नाही.

आनंद टिकवण्यासाठी

सदनिकेत शेजाऱ्यांची अडचण वाटत असेल, तर घोडीवर रबरी म्यूट बसवावा. आवाज बराच मंदावतो. वादन झाल्यावर गज सैल करावा आणि तारांवरील राळेची भुकटी मऊ कापडाने पुसावी. पावसाळ्यात दमट हवेने खुंट्या घट्ट बसतात, त्या बळाने पिळू नयेत. महिन्यातून एकदा आपले वादन ध्वनिमुद्रित करून जपून ठेवावे. रोज न जाणवणारी प्रगती दोन मुद्रणांतील फरकातून स्पष्ट ऐकू येते.

प्रत्येक बैठकीचा शेवट आवडत्या धूनेने करावा, मग ती दोन ओळींचीच का असेना. वाद्य खाली ठेवताना मन प्रसन्न असेल, तर दुसऱ्या दिवशी हात आपणहून पेटीकडे जातो. प्रत्येकाला मैफलीचा कलावंत व्हायचे नसते. दिवसभराच्या व्यवहारानंतर एक षड्ज मनासारखा लागावा आणि घरच्यांनी क्षणभर हातातले काम थांबवून तो ऐकावा, एवढ्यानेही वाद्याची किंमत पुरेपूर वसूल होते.