आईला घेऊन लंडनला जातेयस ना, मग ऐक

अगं, विमानाचं तिकीट काढायच्या आधी ईस्टर कधी आहे ते बघ. गुड फ्रायडेपासून ईस्टर मंडेपर्यंत चार दिवस तिकडे सुट्टी. शाळाही बंद, त्यामुळे हॉटेलांचे दर चढलेले असतात, आणि ईस्टरच्या रविवारी मोठी दुकानं कायद्यानंच बंद ठेवावी लागतात. एप्रिलच्या उत्तरार्धात एका रविवारी लंडन मॅरेथॉन असते, त्या दिवशी कितीतरी रस्त्यांवर वाहनं सोडत नाहीत. मला विचारशील तर ईस्टर होऊन जाऊ दे आणि एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीही जा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून एप्रिलच्या मध्यावर सूर्य मावळायला आठ वाजतात. आईचं संध्याकाळचं फिरणं तुला ठाऊकच आहे. तिला हे फार आवडेल.

थंडीचं मात्र मनावर घे. दुपारी चौदा-पंधरा अंश, सकाळी पाच-सहा. पाऊस मधूनमधून येतोच. आईला छत्रीपेक्षा टोपी असलेलं जाकीट बरं पडेल, साडीच्या आत घालायला थर्मल, आणि पायात बंद बूट. बूट इथेच महिनाभर आधी घे आणि रोज घालायला लाव.

आता तुझ्या यादीबद्दल. एका दिवसात टॉवर ब्रिज, ग्रिनिच, ब्रिटिश म्युझियम आणि हॅरी पॉटरचा स्टुडिओ? तो स्टुडिओ लंडनच्या बाहेर, वॉटफर्डजवळ आहे. त्यातच दिवस जातो. आईच्या गुडघ्यांचा विचार कर आणि एका दिवसाला शहराचा एकच भाग ठेव. चार ठिकाणं कमी झाली तरी चालतील.

साउथ केन्सिंग्टनचा एक दिवस धर. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि नॅचरल हिस्टरी ही दोन्ही संग्रहालयं समोरासमोर आहेत, आणि दोन्हींना प्रवेश मोफत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ आहे. शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखंही याच संग्रहातली. २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली, तेव्हा सध्या कुठे आहेत ते निघण्याआधी बघून घे. हे संग्रहालय शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. म्हणून शुक्रवारच ठेव: दुपारी हाइड पार्कात निवांत बसा आणि गर्दी ओसरली की आत जा.

दुसरा दिवस माझ्या सगळ्यात जवळचा. चॉक फार्म स्टेशनपासून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोड लागतो. तिथल्या दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. साध्या विटांच्या घरांची शांत रांग आहे ती. पैशांची ओढाताण सोसत त्यांनी या शहरात किती वाचलं, किती लिहिलं, हे आपण पुस्तकातून शिकलो. त्या दारात उभं राहिलं की ते अंगावर येतं. आईला तिथे घाई करू नकोस. उघडण्याच्या वेळा मात्र आधी तपासून जा. तिथून प्रिमरोज हिलची टेकडी जवळच आहे. चढ बेताचा, वर बाकं आहेत, आणि समोर सगळं लंडन पसरलेलं. खाली उतरून रीजंट्स पार्कात शिरा. एप्रिलमध्ये तिथे ट्यूलिपचे ताटवे असतात आणि चेरीची झाडं फुलांनी भरलेली. या अख्ख्या दिवसात खर्च काय, तर बसभाडं आणि खाणं.

फुलांसाठी आणखी एक दिवस काढच. क्यू गार्डन्सला तिकीट आहे, पण ते काढावं असंच आहे. एप्रिलअखेर झाडांखाली निळ्या ब्लूबेलची जमीन होते. मेच्या तोंडावर गेलात तर रिचमंड पार्कमधल्या इझाबेला प्लँटेशनमध्ये अझेलिया फुललेल्या असतात, आणि बाहेरच्या माळावर हरणं मोकळी चरत असतात. तिथे तिकीटही नाही.

फिरायला शक्यतो बस घ्या. आईला खालच्याच मजल्यावर बसव, चढायला-उतरायला सोपं. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचं, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे पैसे लागत नाहीत. एका कार्डावर दोघींना जाता येत नाही, म्हणून आईचं वेगळं फॉरेक्स कार्ड कर. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं, जाताना कार्ड आणि येताना फोन असं चालत नाही. बऱ्याच जुन्या स्टेशनांवर जिने आहेत. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून जिन्याकडे वळू नका, १९३ पायऱ्या आहेत! एलिझाबेथ लाइनवर मात्र सगळीकडे लिफ्ट आहे आणि ती हीथ्रोवरून थेट शहरात येते. म्हणून राहायला पॅडिंग्टनच्या आसपास बघ. बुकिंग करण्याआधी हॉटेलला लिफ्ट आहे ना, हे लेखी विचार. जुन्या इमारतींतल्या स्वस्त खोल्यांना बरेचदा ती नसते. संग्रहालयांत वाचलेले पैसे इथे घाल.

खाण्याची काळजी नको. युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा, थाळी सगळं मिळतं. आईची चतुर्थी आलीच तर कॅफेत जॅकेट पोटॅटो मागा, भाजलेला अख्खा बटाटा, नुसतं लोणी घालून. बरो मार्केटला जाणार असाल तर सोमवार सोडून जा.

आणि हो, शेंगेन व्हिसा तिकडे चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि एरवी निकालाला तीनेक आठवडे लागतात. त्या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे राहणार का, हे अर्ज करतानाच विचार, आणि राहणार असेल तर मध्ये दुसरा परदेश प्रवास ठरवू नकोस. आईच्या पासपोर्टची मुदत कधी संपतेय? आज रात्रीच कपाटातून काढून बघ आणि मला कळव.