भार उतरला तरच जखम भरते
(मधुमेही पायाच्या जखमेसाठी प्लास्टर आणि बूट : एक तुलनात्मक पाठ)

मधुमेही माणसाच्या तळव्याला जखम झाली की घरोघरी एकच क्रम सुरू होतो. आधी पट्टी बदलतात, मग मलम बदलतात, मग गोळ्या बदलतात आणि शेवटी डॉक्टर बदलतात. तरीही महिनोन् महिने जखम भरत नाही. "साखरेच्या माणसाची जखम, ती भरायचीच नाही" असे म्हणून घरचे लोक हात टेकतात. पुढे जंतुसंसर्ग होऊन बोट, पाऊल किंवा पाय कापण्याची पाळी येते.

या समजुतीत अर्धेच सत्य आहे. साखर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो हे खरे. परंतु जखम न भरण्याचे एक मोठे कारण आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपण ते पाहत नाही. ते म्हणजे त्या जखमेवर दररोज पडणारा शरीराचा भार. हा भार कमी करण्याची साधने कोणती, त्यांपैकी कोणते अधिक गुणकारी आणि का, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

जखम का होते?

मधुमेह बरीच वर्षे राहिला की पायाच्या मज्जातंतूंची हानी होते व तळवा बधिर होतो. पायातील लहान स्नायू दुबळे होऊन बोटे आकड्यासारखी वाकतात. त्यामुळे चवड्याखालची हाडे खाली दाबली जातात आणि तेवढ्याच जागेवर जास्त दाब येतो. तेथे घट्टा धरतो. हा घट्टा खड्यासारखा टोचत असतो. पण बधिरतेमुळे ते जाणवत नाही. घट्ट्याखालची त्वचा फाटते आणि जखम तयार होते.

आपल्याला काटा लागला तर आपण लंगडतो. लंगडणे म्हणजे दुखऱ्या जागेला विश्रांती देणेच होय. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो जखमेवर पूर्ण वजन टाकून चालतो. म्हणून वेदना नसणे ही त्याच्या बाबतीत सोय नसून धोका आहे.

प्लास्टरचा उगम

हाड मोडल्यावर प्लास्टर घालतात हे सर्वांना ठाऊक आहे. जखमेवर प्लास्टर घालण्याची कल्पना मात्र कुष्ठरोग्यांच्या सेवेतून आली. कुष्ठरोगातही तळवा असाच बधिर होतो. १९३० च्या दशकात भारतात व त्या वेळच्या सिलोनमध्ये अशा जखमांवर प्लास्टरचा प्रयोग झाला होता. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. हे रोग्याचे मांस सडके असल्याचे लक्षण नव्हे, वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजेचा हा परिणाम आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथून ही पद्धत मधुमेही रुग्णांपर्यंत पोहोचली. समाजाने ज्यांना गावाबाहेर ठेवले, त्यांच्या पायांवर शिकलेली विद्या आज जगभरच्या मधुमेह्यांचे पाय वाचवीत आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या प्लास्टरला पूर्णस्पर्शी प्लास्टर म्हणता येईल. ते फारसा कापूस न घालता गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत पायाच्या आकाराबरहुकूम बसवितात. त्यामुळे चवड्यावरचा दाब संपूर्ण तळव्यावर पसरतो आणि भाराचा काही भाग प्लास्टरच्या भिंतीमार्फत पोटरीकडून पेलला जातो. घोटा हलत नाही, पावले आखूड पडतात आणि सूजही उतरते.

साधनांची तुलना

१९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० रुग्ण होते. प्लास्टर घातलेल्या २१ पैकी १९ जणांच्या जखमा भरल्या. नेहमीची मलमपट्टी केलेल्या १९ पैकी फक्त ६ जणांच्या भरल्या. मलमपट्टीच्या रुग्णांनाही जखमेवर भार देऊ नका असे सांगितलेले होतेच!

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ६३ रुग्णांवर तीन साधनांची तुलना झाली. बारा आठवड्यांत बरे झालेल्यांचे प्रमाण असे होते :

पूर्णस्पर्शी प्लास्टर : सुमारे ९० टक्के
काढता येणारा उंच बूट : ६५ टक्के
अर्धा बूट (टाचेवर चालण्याचा) : सुमारे ५८ टक्के

येथे एक कोडे पडते. काढता येणारा उंच बूट दाब कमी करण्यात प्लास्टरच्या जवळपास बरोबरीचा आहे, हे प्रयोगशाळेतील मोजमापांत दिसून आले होते. मग प्रत्यक्षात तो मागे का पडला?

कोड्याचे उत्तर

हे उत्तर २००३ सालच्या एका अभ्यासाने दिले. काढता येणारा बूट दिलेल्या २० रुग्णांच्या कमरेला पावले मोजणारे एक यंत्र लावले आणि दुसरे बुटात बसविले. दिवसभरातील एकूण चालण्यापैकी केवळ २८ टक्के चालणे बूट घालून झालेले आढळले. ज्यांनी सर्वांत जास्त वापर केला, त्यांचेही प्रमाण साठ टक्क्यांच्याच आसपास होते. म्हणजे बूट चांगला होता, पण तो पायात नव्हता.

यावर आणखी एक साधा उपाय निघाला. तोच बूट पायात घालून त्यावर प्लास्टरच्या पट्टीचे वेढे द्यायचे, म्हणजे रुग्णाला तो काढता येत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बांधलेल्या बुटाने बारा आठवड्यांत सुमारे ८३ टक्के रुग्ण बरे झाले. तोच बूट न बांधता दिला तेव्हा सुमारे ५२ टक्के. बूट एकच, फरक फक्त वेढ्यांचा! त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात हा बांधलेला बूट पूर्णस्पर्शी प्लास्टरच्या तोडीस तोड ठरला. तो बसवायला वेळ व खर्चही कमी लागला. म्हणूनच मधुमेही पायासंबंधीच्या २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये चवड्याच्या व तळव्याच्या मधल्या भागातील अशा जखमांसाठी गुडघ्यापर्यंतच्या न काढता येणाऱ्या साधनाला पहिली पसंती दिलेली आहे.

आपल्याकडे तर घरात शिरताना पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढण्याची रीत आहे. स्वयंपाकघर, मोरी, संडास, रात्रीचे उठणे या सर्व फेऱ्या अनवाणीच होतात. "बाहेर जाताना मी बूट घालतोच" असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, पण घरातली पावले तो मोजत नाही. जखम मात्र प्रत्येक पाऊल मोजते.

प्लास्टर कोणाला नको?

प्लास्टर सरसकट सर्वांना चालत नाही. पायाचा रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा जखमेत खोलवर संसर्ग असेल, तर आधी त्यावर उपचार करावे लागतात. त्यामुळे नाडी तपासल्याशिवाय, जखम साफ केल्याशिवाय आणि हाडाला संसर्ग आहे का हे पाहिल्याशिवाय प्लास्टर घालू नये. ते शिकलेल्या हातानेच घातले पाहिजे. हाड मोडल्यावरचे साधे प्लास्टर येथे उपयोगी नाही. सूज उतरून पहिले प्लास्टर सैल होते, म्हणून ते दोन-तीन दिवसांत बदलतात व पुढे साधारण आठवड्याने. प्लास्टरला दुर्गंधी आली, ओल दिसली, ते सैल झाले, ताप आला किंवा साखर अचानक वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. बधिर पाय दुखून सूचना देणार नाही, हे विसरून चालणार नाही.

आपले कर्तव्य

"पेशंट ऐकत नाही" असे म्हणणे सोपे आहे. परंतु हमाली करणारा, उभ्याने नोकरी करणारा किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई सहा ते बारा आठवडे पाय जपणार कशी? वरील अभ्यासांचा खरा धडा हाच आहे की, नुसत्या उपदेशाने जखम भरत नाही; व्यवस्था करावी लागते. घरात पाण्याची घागर दुसऱ्याने उचलावी. संडासात बसण्यासाठी खुर्चीची सोय करावी. दुसऱ्या पायातील चप्पल प्लास्टरच्या उंचीची करून घ्यावी, म्हणजे कंबर दुखत नाही. कामावर बसून करण्याजोगे काम मिळावे म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. शेजाऱ्यांनी व संस्थेच्या तरुणांनी दवाखान्याच्या फेरीला सोबत जावे.

जखम भरली म्हणजे काम संपले असेही नाही. बऱ्या झालेल्या शंभरांपैकी सुमारे चाळीस जणांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. म्हणून पुढे मऊ तळाची योग्य चप्पल घरातही वापरावी. रोज रात्री आरशात किंवा घरच्या माणसाकडून तळवा पाहून घ्यावा आणि घट्टा ब्लेडने स्वतः कापू नये.

आमच्या विद्यार्थी वाचकांना एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांपैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या पायाशी बसा आणि दोन्ही तळवे उजेडात नीट पाहा. त्यांना जे जाणवत नाही ते तुम्हाला दिसेल, आणि वेळेवर दिसले तर पाय वाचेल.