किनारा निवडताना आधी तिथी बघा

एप्रिल लागला की तपासणी आटोपून उठता उठता एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलांची परीक्षा संपली की कोकणात जायचं म्हणतोय. सोबत आई-बाबा, आणि धाकटी तीन वर्षांची. कुठला बीच बरा?" खरं तर हा प्रश्न पर्यटनवाल्यांचा. तरी मी उत्तर देतो, कारण सुट्टीत होणारी बरीच दुखणी जागा आणि वेळ ठरवतानाच टाळता येतात.

हल्ली जागा ठरते ती मोबाइलवरच्या फोटोंवरून. खडक, त्यावर फुटणारी लाट, मागे डोंगर. फोटो झकास येतो, पण जिथे मोठी लाट अगदी काठाशी येऊन आदळते तिथे तळ बहुधा एकदम उतरलेला असतो. गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की छातीभर पाणी. गणपतीपुळ्याला दर्शनाला जरूर जा, आरे-वारेचा रस्ता डोळे भरून पाहा. पण लहान मुलांना पाण्यात खेळवायला या जागा मी सुचवणार नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर तर ओहोटी असल्याची स्थानिकांकडून खात्री करूनच उतरावं, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना तिथे नेऊच नये. त्यापेक्षा दिवेआगर किंवा दापोलीजवळचं कर्दे घ्या. रुंद, सपाट वाळू, पाणी हळूहळू खोल होत जातं. फोटोत असे किनारे जरा फिके दिसतात, एवढंच.

मात्र सपाट किनाऱ्यावरही गाफील राहून चालत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. तो काही पावसाळा नव्हता. म्हणून किनाऱ्याइतकीच वेळही निवडावी लागते, आणि त्यासाठी घरातलं कालनिर्णय पुरतं.

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. दक्षिणेकडे, मालवण-गोव्याच्या बाजूला, भरती साधारण तासभर आधी येते. अमावास्या-पौर्णिमेचं ते उधाण. मुंबईकडे तेव्हा पाण्याच्या चढ-उतारातला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा फरक निम्म्याहून कमी. आता हे कुटुंबाच्या सहलीला लावून बघा. मुंबई-रायगडकडे अष्टमी-नवमीला संध्याकाळी चार ते सहा पाणी चढतं असतं, जोर कमी असतो, ऊनही कललेलं असतं. डुंबायला याहून चांगली वेळ नाही. उतरत्या पाण्यात, आणि खाडीच्या मुखाशी तर कधीच, उतरू नका. देवबागसारख्या ठिकाणी नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. मेच्या उत्तरार्धात समुद्र तसाही खवळू लागतो, म्हणून बेत पहिल्या पंधरवड्यातला ठेवा.

दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा मात्र शांत, गडद दिसतोय, तर हौशी माणूस नेमका तिथेच उतरतो. बऱ्याचदा तोच परत समुद्रात जाणाऱ्या पाण्याचा मार्ग असतो. त्यात सापडलात तर काठाकडे झगडू नका, दमून बुडाल. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा, जमलं तर काठाला समांतर पोहत बाजूला निघा. आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वासच पुरत नाही, ओरडणार कशानं? म्हणून लहान मूल पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने मोबाइल न घेता हाताच्या अंतरावर उभं राहायचं. बाहेर काढलेल्याचं पोट दाबत बसू नका, उलटं टांगू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, आणि कुणीतरी लगेच १०८ लावा. खोकून शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसांना झालेली इजा पुढच्या काही तासांत वाढू शकते.

वडीलधाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना लाटेपेक्षा दमट उकाडा जास्त नडतो. नागपूरला पारा चाळिशीपार असला तरी घाम वाळतो. कोकणात पस्तिशीच्या आतही तो वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही, आणि वाऱ्यामुळे ते लक्षातही येत नाही. अकरा ते चार खोलीत किंवा वाडीत बसा. शहाळं, कोकम सरबत, ताक चालू ठेवा. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र ओआरएसच. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका लागेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, सोबत १०८. मधुमेही आजोबांना तापल्या वाळूत अनवाणी चालू देऊ नका. तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. फोड येतो तो खोलीवर परतल्यावर कुणाच्या तरी नजरेला पडतो, आणि पुढे महिनोन्‌महिने चिघळतो. इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हे सांगावं लागतं खरं.

घरगुती मुक्कामासाठी फोन कराल तेव्हा 'मासे कसे करता' याआधी 'जवळचं सरकारी रुग्णालय किती मिनिटांवर' हे विचारा. याचं एक कारण विंचू. कोकणातला लाल विंचू उन्हाळ्यात जास्त चावतो, विशेषतः मुलांच्या जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण कमालीचं खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध स्वस्त आहे, पण ते डॉक्टरच्या देखरेखीत आणि वेळेवर मिळायला हवं. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं यांपैकी काहीही दिसलं तर मांत्रिक नको, चुना-कांदा नको, थेट रुग्णालय. पलंग जांभ्याच्या भिंतीपासून जरा दूर ओढा आणि सकाळी चपला-बूट झटकून घाला.

घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं, निघताना थोडंसं कोरडं खावं आणि मोबाइलमध्ये डोकं घालू नये. उलटीची गोळी दोन वर्षांखालच्या बाळाला आपल्या मनाने मुळीच देऊ नका.

आता मासे. खा, भरपूर खा. फक्त बंगडा किंवा कुपा बर्फाशिवाय उन्हात पडून राहिलेला असेल, तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळूनही जात नाही. जेवणानंतर तासाभरात चेहरा लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतंय, असं झालं की घरचे 'ॲलर्जी' म्हणून मोकळे होतात आणि त्या माणसाचे मासे कायमचे बंद करतात. असं एकदा झालं असेल, तर ताटावर फुली मारण्याआधी डॉक्टरला विचारा. एकाच पंगतीत बंगडा खाल्लेल्या आणखी कुणाला तोच त्रास झाला असेल, तर दोष बहुधा बर्फात न ठेवलेल्या त्या बंगड्याचाच असतो.