दूध कमी की पकड चुकीची?

प्रश्न : मी पहिलटकरीण, किहीमला माहेरी आहे. बाळ १२ दिवसांचं. पाजताना बोंडं चिरतात, जीव जातो. आई म्हणते, दूध कमी आहे, वरचं सुरू कर.

उत्तर : बाळ नुसतं बोंडच चोखत असावं. त्याने मोठा ‘आ’ केला की भोवतालच्या काळ्या भागासकट तोंडात द्या. हनुवटी छातीला टेकलेली हवी. नंतर दुधाचेच दोन थेंब चिरांवर लावून वाळू द्या. दिवसरात्रीत सहा दुपटी भिजतात ना? मग वरचं दूध, पाणी, गुटी काही नको. आळिवाचे लाडू आवडत असतील तर खुशाल खा. १४व्या दिवशी आशाताई येतील तेव्हा वजन करून घ्या; जन्माच्या वजनाइतकं झालेलं असावं. छाती लाल, कडक होऊन ताप भरला, तर पाजणं न थांबवता अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठा.